डिकी उघड, मॅच सुरू!

अमेरिकेत मॅचइतकीच धमाल पार्किंगमध्ये चालते. आपल्याकडे मात्र पार्किंग म्हणजे डोक्याला ताप! पनवेलहून नेरुळला फुटबॉल बघायला निघालेल्या तमाम मंडळींसाठी थोडी मजा आणि थोडी शाळा...

सोमवार, 6 नोव्हेंबर 2023. बॉसला ‘पोट बिघडलंय’ असा मेसेज टाकून आम्ही चौघं पनवेलहून सुटलो. डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुंबई सिटी एफसी विरुद्ध सौदीचा अल हिलाल! एएफसी चॅम्पियन्स लीगची मॅच, तीही आपल्या दारात. खरं तर तिकिटं काढली होती नेमारसाठी. पण तो बिचारा ऑक्टोबरमध्येच गुडघा दुखावून घरी बसला. असो. काढलेलं तिकीट वाया घालवेल तो पनवेलकर कसला?

दिवाळी आठवड्यावर आलेली. आईने डब्यात थालीपीठं, ठेचा आणि चकलीचा पहिला घाणा भरून दिला होता. आता मोठ्या मॅचला बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, हे चार इंजिनीअर्सच्या डोक्यात कधी आलं? थेट गाडी लावल्यावर! मग काय, उघडली डिकी आणि तिथेच मांडला संसार. शेजारी बाइक लावणारी दोन पोरं ‘घ्या ना’ म्हटल्यावर लाजत लाजत आली आणि अर्ध्या चकल्या संपवून गेली. किकऑफच्या आधीच मूड एकदम सही!

हेच ते ‘टेलगेटिंग’

नकळत आम्ही जे केलं, त्याला अमेरिकेत टेलगेटिंग म्हणतात. टेलगेट म्हणजे गाडीचा मागचा झापड्यासारखा दरवाजा. तो खाली पाडायचा, शेगडी पेटवायची आणि मॅचच्या कितीतरी तास आधीपासून पार्किंगमध्ये खादाडी सुरू! फुटबॉल अर्थात त्यांचा, हाताने खेळायचा. या प्रथेचं मूळ काही जण न्यू जर्सीतल्या रटगर्स आणि प्रिन्स्टन या कॉलेजांच्या पहिल्या मॅचपर्यंत नेतात. ती झाली 1869 मध्ये. तारीख? 6 नोव्हेंबर! आम्ही डिकी उघडली ती नेमकी त्याच दिवशी, 154 वर्षांनी. योगायोग, दुसरं काय!

पण खरं सांगू? हे आपल्याला नवीन नाहीच. आजोबांच्या काळात गावच्या जत्रेला बैलगाड्या जायच्या. बैल सोडायचे, गाडीच्या आडोशाला तीन दगडांची चूल मांडायची, शेजारच्या गाडीवाल्यांना भाकरी द्यायची आणि मगच पालखी बघायला निघायचं. नाव वेगळं, फंडा तोच. सोहळा एकट्याने बघायचा नसतो!

मग गडबड कुठे झाली?

मॅच मुंबई सिटी 0-2 ने हरली. तोंडं पाडून गाडीकडे आलो तर तिथे दुसरीच मॅच सुरू होती. ‘पाच मिनिटं लांब चालायला नको’ म्हणून आम्ही गाडी आतल्या गल्लीत लावली होती, एका सोसायटीच्या गेटला अर्धी आडवी. आत जाताना हे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. गेटबाहेर एक रिक्षा उभी. त्यात हॉस्पिटलमधून नुकत्याच घरी आलेल्या आजी, पायाला प्लास्टर. रिक्षा आत जाईना आणि आजींना चालता येईना. त्या अर्धा तास तशाच बसून होत्या! आम्ही ‘सॉरी काका, सॉरी’ करत गाडी काढली. काका ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “पोरांनो, मॅच तुमची असते. रात्र आमची असते.”

ओरडले असते तर बरं झालं असतं, असं परतीच्या वाटेवर चौघांनाही वाटत होतं. पनवेलपर्यंत कोणी गाणी लावली नाहीत.

साधा हिशेब आहे. न्यू जर्सीच्या मेटलाइफसारखी स्टेडियम्स पार्किंगच्या अफाट मैदानात उभी असतात, कारण तिथे बहुतेक पब्लिक गाडीनेच येतं. आपलं डी. वाय. पाटील एका बाजूला सायन-पनवेल हायवे, दुसऱ्या बाजूला रेल्वे आणि आजूबाजूला माणसांची घरं अशा जागी आहे. 2014 ची पहिली आयएसएल फायनल असो, 2017 चा सतरा वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप असो, नाहीतर जानेवारी 2025 चं कोल्डप्ले, गर्दी हजारोंची आणि गल्ल्या त्याच! तिथे प्रत्येकाने ‘माझी एकच तर गाडी’ म्हटलं की खेळ खलास.

मग मजा सोडायची? छे! फक्त डिकी सोडायची.

पुढच्या मॅचसाठी फंडे

• पनवेलहून हार्बर लोकल पकडा. खांदेश्वर, मानसरोवर, खारघर, बेलापूर, सीवूड्स आणि सहावं स्टेशन नेरुळ.

• तळोजा-पेंधरकरांनो, नोव्हेंबर 2023 पासून मेट्रो आहे. बेलापूरला उतरा, पुढे लोकल.

• डबा नेरुळला पोचण्याआधी किंवा स्टेशनबाहेर संपवा. कागद-पिशव्या आपल्याच बॅगेत!

• रात्रीची मॅच असेल तर शेवटच्या पनवेल लोकलची वेळ आधीच बघून ठेवा. पेनल्टी शूटआउट कोणासाठी थांबत नाही, तशी लोकलही नाही.

• गाडी न्यायचीच असेल तर पोलिसांनी त्या दिवसासाठी जाहीर केलेल्या पार्किंगमध्येच लावा आणि चालवणाऱ्याने बिअरचं नावही काढायचं नाही.

आणि हो, हे फक्त नेरुळकरांचं दुखणं समजू नका. खारघरमध्ये सिडकोने फुटबॉलचं सेंटर ऑफ एक्सलन्स उभं केलंय आणि मोठ्या स्टेडियमचा बेतही त्याच आराखड्यात आहे. ते झालं की गेट आपलं असेल आणि आडवी गाडी दुसऱ्या कोणाची तरी! त्या वेळी रिक्षात आपली आजी असली तर?

आता आम्ही मॅचला लोकलनेच जातो. डबा सानपाड्याच्या मित्राला कळायच्या आत, म्हणजे बेलापूरच्या अलीकडेच संपतो. समोरच्या सीटवरचे काका हळूच विचारतात, “कोणाची मॅच रे?” आपण चकली पुढे करायची. झालं टेलगेटिंग!