फ्यूचूरिया फँटेशिया

फ्यूचूरिया फँटेशिया : एक अल्पायुषी अमेरिकन विज्ञानकथा-पत्रिका. पुढे विख्यात झालेला अमेरिकन कथाकार रे ब्रॅडबरी (२२ ऑगस्ट १९२०–५ जून २०१२) ह्याने ती लॉस अँजेल्स येथून काढली. १९३९ चा उन्हाळा ते १९४० चा वसंत ऋतू ह्या अवधीत तिचे केवळ चार अंक निघाले. विज्ञानकथेच्या चाहत्यांनी हौसेखातर व पदरमोड करून चालविलेल्या अशा पत्रिकांना ‘फॅनझिन’ म्हणतात. तथापि लुई रसेल शोव्हने ह्याने हा शब्द ऑक्टोबर १९४० मध्ये, म्हणजे ही पत्रिका बंद पडल्यानंतर, प्रचारात आणला.

ह्या पत्रिकांचा उगम वाचकांच्या पत्रव्यवहारात आहे. ह्यूगो गर्न्सबॅक ह्याने १९२६ मध्ये सुरू केलेल्या अमेझिंग स्टोरीज ह्या मासिकात पत्रलेखकांचे पत्तेही छापले जात. त्यामुळे दूरदूरचे वाचक परस्परांस लिहू लागले व त्यांची मंडळे बनली. द कॉमेट (मे १९३०) ही ह्या प्रकारातील पहिली पत्रिका सामान्यतः मानली जाते. १९३४ मध्ये गर्न्सबॅकने स्थापन केलेल्या सायन्स फिक्शन लीगची एक शाखा लॉस अँजेल्स येथे होती. तिच्या बैठका क्लिफ्टन्स ह्या उपाहारगृहात भरत. ब्रॅडबरी १९३७ मध्ये तेथे जाऊ लागला. शाखेच्या इमॅजिनेशन! ह्या पत्रिकेत त्याची पहिली कथा जानेवारी १९३८ मध्ये आली. त्याच वर्षी त्याचे शालेय शिक्षण संपले. महाविद्यालयात जाण्याइतका पैसा घरी नव्हता. रस्त्याच्या कोपऱ्यावर वृत्तपत्रे विकून तो चरितार्थ चालवी. स्वतःची पत्रिका काढण्याचा खर्च त्याला पेलणारा नव्हता. तो भार मुख्यतः फॉरेस्ट अ‍ॅकरमन ह्या शाखेतील मित्राने उचलला. मजकूर टंकलेखन यंत्रावर स्टेन्सिलवर उतरवून सायक्लोस्टाइल करीत. प्रती सुमारे शंभर निघत. मराठीतील १९५५ नंतरच्या अनियतकालिकांशी ह्या बाबतीत तिचे साम्य असले, तरी प्रस्थापित नियतकालिकांविरुद्ध बंड हा तिचा हेतू नव्हता. त्यांत प्रवेश मिळविण्याची ती धडपड होती.

पहिल्या अंकावर टेक्नॉक्रसी चळवळीचा प्रभाव स्पष्ट दिसतो. राज्यकारभार शास्त्रज्ञ व अभियंते ह्यांच्या हाती द्यावा आणि चलनाऐवजी ऊर्जा हे मूल्यमापनाचे एकक मानावे, असे ह्या चळवळीचे प्रतिपादन होते. महामंदीच्या झळा सोसलेल्या तरुणांना ते आकर्षक वाटले. ब्रॅडबरीनेही त्याचा उत्साहाने पुरस्कार केला. परंतु त्याच अंकात त्याने ‘रॉन रेनल्ड्स’ ह्या टोपणनावाने एक विनोदी कथा लिहिली. तिच्यातील लेखक अशा आदर्श राज्यात राहतो. तेथे गुन्हे नाहीत, दारिद्र्य नाही, आणि म्हणून त्याला लिहिण्यासारखा विषयही उरलेला नाही. संपादकाच्या मनातील ही शंका त्याच्या प्रचारापेक्षा अधिक टिकाऊ ठरली. सुखसोयींच्या बदल्यात साहित्य गमावून बसलेल्या समाजाचे चित्र त्याच्या फॅरेनहाइट ४५१ (१९५३) ह्या कादंबरीत आढळते. चळवळीविषयीचा त्याचा उत्साह मात्र लवकरच ओसरला.

पत्रिकेतील साहित्याचा दर्जा असमान आहे. बरेचसे लेखन उथळ असून काही केवळ आपसांतील थट्टेपुरते आहे. मजकूर कमी पडे तेव्हा संपादक स्वतःच निरनिराळ्या नावांनी लिही. तरीही हेन्री कटनर, रॉस रॉकलिन, डेमन नाइट ह्यांनी तिच्यासाठी लिहिले. रॉबर्ट हाइनलाइनची हुकूमशहावरील शस्त्रक्रियेची ‘हाइल!’ ही छोटी कथा १९४० मध्ये ‘लाइल मन्रो’ ह्या नावाने तिच्यात आली. मुखपृष्ठे हॅनेस बॉक (१९१४–६४) ह्या तोवर अप्रसिद्ध असलेल्या चित्रकाराची होती. जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले, तेव्हा अ‍ॅकरमनकडून उसने पैसे घेऊन ब्रॅडबरी बसने तेथे गेला. बॉककडे प्रवासखर्चाची सोय नव्हती. त्याची चित्रे ब्रॅडबरीने बरोबर नेली व विअर्ड टेल्सचा संपादक फार्न्सवर्थ राइट ह्याला दाखविली. त्या मासिकाच्या डिसेंबर १९३९ च्या अंकाचे मुखपृष्ठ बॉकचे होते. १९५३ मध्ये पहिली ह्यूगो पारितोषिके देण्यात आली, तेव्हा मुखपृष्ठ-चित्रकाराचे पारितोषिक त्याला एड एम्शविलरसमवेत विभागून मिळाले.

स्वतः ब्रॅडबरीला मिळालेले फळ लहान, पण मोलाचे होते. दुसऱ्या अंकात (शरद १९३९) त्याची ‘पेंड्युलम’ ही कथा लेखकाच्या नावाविना छापलेली होती. एका महाकाय लंबकात शिक्षा म्हणून कोंडलेल्या शास्त्रज्ञाची ही कथा त्याने हेन्री हास ह्याच्या सहकार्याने पुन्हा लिहिली. ती सुपर सायन्स स्टोरीजच्या नोव्हेंबर १९४१ च्या अंकात प्रसिद्ध झाली. मानधन २७·५० डॉलर होते. त्यातील निम्मे, म्हणजे १३·७५ डॉलर, ब्रॅडबरीच्या वाट्यास आले. लेखनाबद्दल व्यावसायिक मासिकाकडून मिळालेली ही त्याची पहिली कमाई होय. दोन्ही पाठ शेजारी ठेवले असता पहिल्यातील शब्दबाहुल्य व ठोकळेबाज रचना सहज लक्षात येते; नवशिक्या लेखकाला स्वतःचे कच्चे लेखन छापील रूपात पाहण्याची संधी अशा पत्रिकाच देऊ शकत.

पत्रिकेच्या मूळ प्रती आता दुर्मिळ असून त्या संग्राहकांच्या ठेव्यात मोडतात. चारही अंक प्रोजेक्ट गुटेनबर्गने संगणकीय रूपात उपलब्ध करून दिले आहेत.