चीर लहान की मोठी?

मामंजींच्या मोठ्या आतड्यात कर्करोगाची गाठ निघाली आणि भेटायला येणारा प्रत्येकजण सल्ला देऊ लागला. ‘‘शहात्तराव्या वर्षी पोट कशाला फाडायचं? दुर्बिणीतून करून घ्या!’’ सासूबाईंना मात्र धाकधूक. एवढ्याशा भोकांतून सगळा रोग निघेल का?

मैत्रिणींनो, ही शंका एके काळी डॉक्टरांनाही होती. दुर्बिणीने आतड्याची शस्त्रक्रिया १९९१च्या सुमारास सुरू झाली. काही रोग्यांच्या भोकांच्या जागीच रोग उलटला, म्हणून अमेरिकेत ८७२ रोग्यांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. २००४ साली निकाल आला. तीन वर्षांत रोग उलटण्याचं प्रमाण दुर्बिणीत शेकडा सोळा, पोट उघडून केल्यास अठरा; म्हणजे जवळजवळ सारखंच. इस्पितळातला मुक्काम साधारण पाच दिवस, तर उघड्या शस्त्रक्रियेत सहा. मात्र शेकडा एकवीस जणांची दुर्बीण सोडून पोट उघडावंच लागलं.

आत कापायचं आतडं दोन्हीकडे तेवढंच. फरक बाहेरच्या जखमेचा, आणि म्हाताऱ्या माणसाला तोच महत्त्वाचा. मोठी जखम दुखते, म्हणून माणूस खोकत नाही. कफ साठून न्यूमोनिया होतो. अंथरुणाला खिळला की अंगातली ताकदही जाते. लहान जखमेचा माणूस लवकर हिंडूफिरू लागतो.

पण दुर्बिणीला वेळ जास्त लागतो. पोटात वायू भरतात, त्याचा ताण हृदयावर आणि फुप्फुसांवर येतो. गाठ फार मोठी असली, आतडं तुंबलं असलं, तर पोट उघडणंच बरेचदा सोयीचं. म्हणून वयाचा आकडा धरून बसू नये. डॉक्टरांना सरळ विचारावं: हृदय-फुप्फुसं हे सोसतील का? आपला हात कशावर जास्त बसलाय? खर्च किती?

मामंजींची सुरुवात दुर्बिणीने झाली. पण जुन्या ऑपरेशनमुळे आतडी चिकटलेली, त्यामुळे पोट उघडावं लागलं. ‘‘फसलं गं सगळं!’’ म्हणून सासूबाई रडू लागल्या. डॉक्टर म्हणाले, ‘‘आजी, फसलं नाही. हट्टाने तसंच रेटलं असतं, तर फसलं असतं.’’

दुसऱ्याच दिवशी मामंजींना खुर्चीत बसवलं, पोटाशी उशी धरून खोकायला शिकवलं. ती उशी धरायचं काम सासूबाईंनी कुणाला करू दिलं नाही.