दोन शिक्षक, चार वर्ग : नव्या शिक्षकाची पहिली वर्षं

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत नव्याने रुजू होणारा शिक्षक टीईटी आणि अभियोग्यता चाचणी देऊन, ‘पवित्र’ पोर्टलवरून निवड होऊन आलेला असतो. पहिली तीन वर्षं तो शिक्षण सेवक. मानधन दरमहा ६,००० रुपये होतं, ते २०२३ मध्ये १६,००० झालं. तीन वर्षांची सेवा समाधानकारक ठरली की नियमित वेतनश्रेणी मिळते. या तीन वर्षांत वर्ग कसा उभा करायचा, हे मात्र नेमणुकीच्या आदेशात लिहिलेलं नसतं. ते इथे टप्प्याटप्प्याने पाहू.

पहिली शाळा बरेचदा आडगावची, दोनशिक्षकी असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. पहिली ते चौथी असे वर्ग चार, म्हणजे प्रत्येकाकडे एकाच खोलीत दोन वर्ग. ज्येष्ठ सहकाऱ्याकडे मुख्याध्यापकाचा कार्यभार असतो. ते तालुक्याला बैठकीला गेले की चारही वर्ग तुमच्याकडे. त्यामुळे पाठ्यपुस्तक पान एकपासून सुरू करण्याची घाई करू नका.

पहिले पंधरा दिवस : ओळख

एक दोनशेपानी वही घ्या आणि प्रत्येक मुलाला एक पान द्या. परिपाठ झाला की बाकीच्यांना चित्र काढायला सांगून एकेकाला जवळ बसवा. अक्षरं ओळखतो का, काना-मात्रा लावून शब्द वाचतो का, जोडाक्षराशी अडतो का, चार ओळींचा उतारा वाचून त्यात काय घडलं ते सांगतो का? वीस वस्तू मोजतो का, ४७ आणि ७४ मधली मोठी संख्या ओळखतो का? दिसेल तेवढंच लिहा. ‘हुशार’, ‘कच्चा’ असे शेरे नकोत. ‘जोडाक्षराला थांबते’ ही नोंद उद्या उपयोगी पडते. तिसरीच्या हजेरीपटावर नाव असलेलं मूल वाचनात पहिलीच्या जागी असू शकतं, आणि ते त्याला रागावून पुढे सरकत नाही.

मुलांची घरची बोली याच दिवसांत कानावर पडू द्या. धडगावकडे पावरी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी बोलणारं मूल पुस्तकी मराठी शाळेतच पहिल्यांदा ऐकत असतं. पाणी, भूक, दुखतंय, समजलं नाही, एवढे शब्द त्याच्या बोलीत शिकून घ्या. ज्याचं बोलणं गुरुजींना कळतं, ते मूल प्रश्न विचारायला लागतं.

एका खोलीत दोन वर्ग

इथे एकच नियम पक्का धरा : दोन्ही वर्गांना नवा भाग एका वेळी देऊ नका. तिसरीला नवी रीत शिकवायची असेल, तर चौथीकडे त्यांना आधीच जमणारं काम हवं : काल सोडवलेल्या प्रकारची उदाहरणं किंवा जोडीने वाचन. ते काम वर्ग सुरू होण्याआधीच फळ्याच्या अर्ध्या भागावर लिहून ठेवा. वीस मिनिटांनी बाजू बदला. गोष्ट, गाणं, परिसराची माहिती दोन्ही वर्गांना एकत्र चालते. वाचन आणि गणित मात्र पातळीनुसार गटांतच घ्यावं लागतं.

चूक वाचायला शिका

तिसरीच्या वहीत ५२ − २७ = ३५ असं उत्तर दिसतं. लाल फुली मारायला क्षणभरही लागत नाही. त्याऐवजी विचारा, ‘कसं केलंस, मला सांग.’ मूल सांगतं, ‘सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.’ म्हणजे वजाबाकी त्याला येते. पण प्रत्येक घरात ते मोठ्या अंकातून लहान अंक काढतं. दोनातून सात जात नाहीत, हे पाहून त्याने आपल्यापुरती वाट शोधली आहे.

आता काड्या काढा. दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. ‘यातल्या सत्तावीस मला दे.’ सुट्या दोनच आहेत हे पाहून मूल थबकतं आणि स्वतःच एका गठ्ठ्याचा रबर सोडतं. आता चार गठ्ठे, बारा सुट्या. सात सुट्या आणि दोन गठ्ठे देऊन उरतात पंचवीस. हे दोन-तीन दिवस हातांनी झालं की मगच वहीत दशक सुटा करून मांडायला शिकवा. मुलाच्या चुकीमागचा विचार शोधण्याची ही सवय मला या पेशाचं खरं कसब वाटते, आणि ती सुरुवातीच्या वर्षांतच लागते.

कागद, ताट आणि गाव

हजेरीपट, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती ही कामं टळत नाहीत. ती रोजची रोज संपवा. साठली की वर्गाचा वेळ खातात. पोषण आहाराकडे मात्र मनापासून लक्ष द्या. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे, आणि वाढण्याआधी अन्नाची चव घ्यायची असते. अनेकांसाठी हेच दिवसाचं पहिलं पोटभर जेवण असतं.

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात. त्यांना फक्त सह्यांपुरतं बोलावू नका. मूल चार दिवस आलं नाही तर घरी जाऊन या. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांशी ती निघण्याआधीच बोला; आजी-आजोबांजवळ मूल राहू शकतं का, हे विचारायला गाडी भरल्यावर उशीर झालेला असतो.

मदत मागा

केंद्राच्या शिक्षण परिषदेला रिकाम्या हाताने जाऊ नका. वर्गातली एखादी वही न्या आणि विचारा, ‘हे मूल असं का लिहीत असेल?’ वर्षानुवर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलेल्या बाईंनी अशा शेकडो वह्या पाहिलेल्या असतात. त्या विचारल्याशिवाय सांगणार नाहीत. विचारलंत तर हातचं काही राखणार नाहीत.