केसगळतीची औषधे : आधी कारण, मग बाटली



ऊसबिल हाती आले की आपली पुष्कळ मंडळी मुंबईला पोराबाळांकडे जाऊन येतात. घोडपदेवच्या चाळींत गिरण्यांच्या काळापासून घाटावरची माणसे आहेत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, माणसे मात्र राहिली. तिकडून परतताना कुणाच्या पिशवीत केस उगवणाऱ्या तेलाची बाटली असते. पोरगा लग्नाचा, डोके विरळ. मग गेले पैसे तर गेले! म्हणून या औषधांविषयी चार शब्द सांगणे आम्हांस जरूर वाटते.

दिवसाकाठी ५० ते १०० केस सगळ्यांचेच गळतात. त्याहून जास्त गळू लागले, तर आधी कारण शोधावे. टायफॉईड, मोठा ताप किंवा बाळंतपण यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने जातात. ते बहुधा आपोआप परत येतात. पोरांच्या डोक्यातल्या नायट्याला पोटात घ्यायच्या गोळ्या लागतात, नुसते मलम पुरत नाही. चाई पडली तर डॉक्टर त्या जागी इंजेक्शन देतात.

पुरुषाचे कपाळ मागे सरकते, टाळू उघडी पडते, ते बहुधा आनुवंशिक टक्कल. त्यावर मुख्य औषधे दोन. मिनॉक्सिडिल ही मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा त्याचे डोक्याला लावायचे औषध झाले. अमेरिकेत त्याला १९८८ साली मान्यता मिळाली. पहिले काही आठवडे उलट जास्त केस गळतात; गुण दिसायला चार महिने तरी लागतात. दुसरी फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची गोळी, मान्यता १९९७ ची. केसांची मुळे बारीक करणारे संप्रेरक ती कमी करते. काहींची कामेच्छा तिने मंदावते. गरोदर बाईने फुटलेल्या गोळीला हातही लावू नये. पोटातल्या मुलग्याच्या वाढीला धोका असतो.

ही औषधे म्हणजे खोडव्याला पाणी. बुडखा जिवंत असेल तर फुटवा येतो. बुडखाच वाळला तर पाणी देऊन काय उपयोग? आणि पाणी तोडले की पीक गेले, तसे औषध थांबविले की काही महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न.

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात अनेक गावांतल्या लोकांचे केस काही दिवसांतच गळून गेले. विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपास करून गव्हातील जादा सेलेनियमकडे बोट दाखविले. कारण जर ताटात असेल, तर डोक्याला तेल चोळून काय होणार?

टक्कल बरे करण्याचा दावा औषधावर करण्यास १९४५ च्या औषध नियमांत मनाई आहे. तेव्हा हमी देणाऱ्यापासून चार हात दूरच राहावे. माती तपासल्याशिवाय आपण खताचा डोस ठरवत नाही, डोक्याचेही तसेच. घोडपदेवपासून जे. जे. रुग्णालय लांब नाही, तिथे त्वचारोग विभाग आहे. पुढच्या खेपेला मुंबईस गेलात, तर बाटली घेण्याआधी केसपेपर काढा.