वर्दळीच्या तासाचा हिशेब
एखाद्या पेढीत भर वर्दळीच्या तासात सरासरी तीन मिनिटांचे साठ दूरध्वनी येत असतील, तर तो भार तीन एर्लांग होय. कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीतील गणितज्ञ आग्नर एर्लांग यांचे नाव या मापाला १९४६ मध्ये मिळाले. तथापि तेवढ्यावरून तीनच लाइनी घेणारा कारभारी फसतो, कारण ग्राहक काही ठरवून एकामागून एक येत नाहीत, आणि एर्लांग यांच्या १९१७ च्या सूत्राप्रमाणे अशा वेळी सुमारे एकतृतीयांश ग्राहकांना लाइन व्यस्तच मिळते. आठ लाइनी असल्यास हेच प्रमाण शेकडा एकाच्याही खाली उतरते. मेख एवढीच, की विन्मुख परतलेला ग्राहक लगेच पुन्हा फोन फिरवतो, आणि त्याच्या या चिकाटीला सूत्रात जागा नाही. सबब दफ्तरात जुळलेल्या संभाषणांइतकीच हुकलेल्यांचीही नोंद तपासावी लागते.