मध्यरात्र ओलांडणारी वेळ

ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. समजा, आत्ताची वेळ या रात्रीत मोडते का, हे संगणकाला ठरवायचे आहे.

आधी प्रत्येक वेळ मध्यरात्रीपासूनच्या मिनिटांत मोजावी. मग रात्रीचे १० म्हणजे १३२०, सकाळचे ६ म्हणजे ३६०. दुपारी १ ते ४ अशी सरळ मुदत असेल, तर 'सुरुवातीनंतर आणि शेवटाआधी' एवढी अट पुरते. रात्रीला मात्र ती लावली की घोटाळा होतो. साडेअकराची १४१० मिनिटे १३२० पेक्षा जास्त आहेत, पण ३६० पेक्षा कमी नाहीत. एकाच वेळी १३२० च्या पुढे आणि ३६० च्या आत असणारी संख्याच नाही, त्यामुळे उत्तर कायम 'नाही' येते.

म्हणून सुरुवातीचा आकडा शेवटापेक्षा मोठा असेल, तर 'आणि'च्या जागी 'किंवा' हवे: वेळ १३२० किंवा त्याहून जास्त, किंवा ३६० पेक्षा कमी.

सुरुवातीचे मिनिट मुदतीत धरावे, शेवटचे वगळावे; मग लागून येणाऱ्या दोन मुदतींत एकच क्षण दोनदा मोजला जात नाही. सर्व्हरचे घड्याळ अनेकदा जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे असते. तुलनेआधी ती वेळ भारतीय वेळेत बदलावी. शेवटी ९:५९, १०:००, १२:००, ५:५९ आणि ६:०० या रात्र-पहाटेच्या वेळा तपासून पाहाव्यात. चुका बहुधा या सीमांवरच सापडतात.