म्हातारपणी छंद सुटतो तेव्हा

"डॉक्टर, एखादे टॉनिक लिहून द्या. आमचे अण्णा हल्ली घराबाहेरच पडत नाहीत." अशी मागणी घेऊन येणारी मुले-सुना मला नेहमी भेटतात. मी विचारतो, आधी कुठे जात होते? कुणी देवळात हरिपाठाला, कुणी वाचनालयात, कुणी पारावर पत्त्यांच्या डावाला. आजी असतील तर महिला भजनी मंडळात. मग जाणे का सोडले? "वय झाले आता," एवढेच उत्तर मिळते.

वाचकहो, वय झाले हे काही कारण नव्हे. तीस वर्षे टाळ धरणारा माणूस एकाएकी टाळ खाली ठेवतो, तेव्हा काहीतरी घडलेले असते. बहुतेक वेळा ते सांगण्यासारखे नसते, म्हणून तो सांगत नाही.

माझे एक सत्तरी ओलांडलेले रुग्ण आहेत, शेतकरी, पट्टीचे टाळकरी. त्यांना पुढच्या गायकाचे शब्द नीट कळेनात, त्यामुळे ध्रुपद धरताना चुकू लागले. पोरे हसली. दुसऱ्या दिवसापासून त्यांचे गुडघे दुखू लागले! कानात पाहिले तर दोन्हीकडे मळाचा घट्ट बोळा. कानाच्या डॉक्टरांनी तो काढला, थोडा फरक पडला. बाकीचा बहिरेपणा वयाचा होता. या बहिरेपणात आवाज येतो पण शब्द उमगत नाहीत, म्हणून घरच्यांना वाटते की हे मुद्दामच करतात. यंत्र वापरायला ते काही महिने तयार नव्हते. आता लावतात आणि पेटीवाल्याच्या शेजारी बसतात. (कानात गरम तेल किंवा केसांचा आकडा घालणाऱ्यांना मात्र हात जोडून विनंती, हे करू नका.)

आजींच्या बाबतीत कारण पुष्कळदा लघवीचे असते. खोकताना, उठताना थेंब जातो, लुगडे ओले होण्याची धास्ती वाटते, मग भजन बंद. पुरुषांना प्रोस्टेटमुळे वारंवार उठावे लागते. दोन्हींवर उपचार आहेत. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर ती घेण्याची वेळ बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा; स्वतःच्या मनाने बदलू नका. मोतीबिंदूमुळे पत्त्यातला बदाम आणि चौकट ओळखू येत नाही. एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याच्या भीतीने अंधारात निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम सुचवले आहेत. शेजारी भक्कम आधार ठेवून खुर्चीवरून सावकाश उठणे-बसणे, इथपासून सुरुवात करता येते.

एवढा खटाटोप एका विरंगुळ्यासाठी कशाला, असे कुणी म्हणेल. न्यूयॉर्कमध्ये पंचाहत्तरीपुढच्या ४६९ जणांवर काही वर्षे लक्ष ठेवून केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचन, बैठे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य करणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. यात एक मेख आहे. मेंदू आधीच थकू लागला असेल तरी माणूस डाव सोडतो. तेव्हा कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. पण २०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे, पण ज्यांबाबत काही करता येते असे १४ घटक दिले. त्यांत कमी ऐकू येणे, दृष्टिदोषावर उपचार न करणे आणि समाजापासून तुटणे हे तिन्ही आहेत. आमच्या टाळकऱ्यांच्या बाबतीत पहिल्यातून तिसरे कसे निपजले, ते वर आलेच आहे.

घरात दिवसभर टीव्ही चालू असतो, त्यांचा वेळ जातो, असे मुले सांगतात. वेळ जातो हे खरे. पण टीव्हीला उलट उत्तर द्यावे लागत नाही, आणि आपण आज गेलो नाही तर "का हो, आला नाहीत?" असे तो विचारीत नाही.

शरीरात काहीच सापडले नाही आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच गोडी वाटत नसेल, झोप-भूक उडाली असेल, तर ते नैराश्य असू शकते. त्यावर औषधे आहेत आणि ती म्हातारपणीही लागू पडतात. जोडीदार गेल्यानंतर आलेल्या अशा उदासीनतेकडे विशेष लक्ष द्या. बोलणे, चालणे किंवा ओळखणे एकाएकी बिघडले, तर मात्र वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा.

देवळाचे विश्वस्त आणि वाचनालयाचे चिटणीस हा लेख वाचत असतील, तर त्यांना थोडे सांगायचे आहे. सभामंडपात भिंतीला लागून चार खुर्च्या ठेवा, खाली बसता येत नाही म्हणून न येणारे बरेच आहेत. पायरीजवळ एक दिवा आणि धरायला कठडा असू द्या. आवारात शौचालय असेल तर त्याचे कुलूप भजनाच्या वेळी तरी काढून ठेवा.